मरहूम सय्यद अब्दुल रहीम : एका क्रीडागुरूचे चरित्र

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याची प्रथा आहे. बहुधा ते चरित्र ज्ञातीतीलच एखाद्या कर्त्या पुरुषाचे असते, आणि तसे असणे स्वाभाविकही आहे. यंदा मात्र आम्ही ज्यांचे चरित्र वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत, ते ना आपल्या ज्ञातीचे, ना आपल्या बोलीचे. ते हैदराबाद शहरातील एक शाळामास्तर होते. फुटबॉलच्या खेळात हिंदुस्थानाला आशियाचे अजिंक्यपद दोन वेळा मिळवून देणारे प्रशिक्षक म्हणून त्यांचे नाव इतिहासात नमूद आहे. हदगावच्या वाचकांस साहजिकच प्रश्न पडेल की, या गृहस्थांचा व आपला संबंध काय? त्याचे उत्तर आधी देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दि. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला हदगाव तालुका हैदराबादशी जोडलेला होता. प्रथम निजामाच्या संस्थानात व नंतर हैदराबाद राज्यात. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचा कारभार, तर अलीकडे निजामाचा अंमल, अशी ती जुनी शीव होती. वरिष्ठ न्यायालय हैदराबादेस, सरकार हैदराबादेस, आणि विद्यापीठही हैदराबादेसच. आपल्या भागातील जी थोडी मुले उच्च शिक्षणासाठी घराबाहेर पडत, त्यांतील बरीचशी उस्मानिया विद्यापीठाची वाट धरीत. तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्यामुळे मराठी घरातील मुलास दुहेरी अभ्यास करावा लागे. आपण ज्या राज्याचे रहिवासी होतो, त्याच राज्याचे व त्याच विद्यापीठाचे आमचे चरित्रनायक होत. या नात्याने ते आपलेच म्हटले पाहिजेत.

याउपरही एक अडचण उरते, तीही आम्ही लपवू इच्छीत नाही. हैदराबादचे नाव निघाले की आपल्या वडीलधाऱ्या पिढीस प्रथम आठवत ते रझाकारांचे दिवस. ओस पडलेली गावे, शिवेपलीकडे वऱ्हाडात आश्रयास गेलेली कुटुंबे, १९४८ च्या जानेवारीत स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीच्या बँकेवर घातलेला छापा, आणि दि. १७ सप्टेंबर १९४८ ची मुक्ती. हा इतिहास आपण विसरलेलो नाही, विसरणे योग्यही नव्हे. परंतु एका संपूर्ण शहराची आठवण केवळ जुलमाच्या खुंटीस बांधून ठेवणे हाही न्याय नव्हे. ज्या काळात त्या शहरातील सत्ताधारी आपले राज्य राखण्याच्या धडपडीत होते, त्याच काळात त्याच शहरातील एक शिक्षक शाळा सुटल्यावर मुलांना मैदानावर नेऊन चेंडू खेळण्यास शिकवीत होता. त्या सत्तेचे आज काही उरले नाही. त्या शिक्षकाचे नाव मात्र उरले. ते का उरले, त्याने कमावलेले धन त्याच्यामागे का टिकले नाही, आणि त्यापासून आपण काय घ्यावे, हे सांगणे हाच या लेखाचा हेतू होय.

जन्म व शिक्षण

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म दि. १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. विद्यार्थिदशेतच त्यांना फुटबॉलचा नाद लागला. हैदराबादच्या सिटी कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी मिळून ‘इलेव्हन हंटर्स’ नावाचा एक संघ चालविला होता. त्या संघात रहीमसाहेब खेळत. पुढे उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना विद्यापीठाच्या संघातील नामांकित गड्यांत त्यांची गणना होत असे. तेव्हाच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये पगारी प्रशिक्षक, पोषक आहार, वैद्यकीय देखरेख यांतले काहीही नव्हते. थोरल्या विद्यार्थ्यांनी धाकट्यांना शिकवावे आणि सामना संपल्यावर झालेल्या चुका मैदानाच्या कडेला बसून बोलाव्या, एवढीच त्यांची शाळा. रहीमसाहेबांचे पुढील सर्व कार्य पाहता असे वाटते की, या शाळेचा संस्कार त्यांच्यावर कायमचा राहिला.

कलाशाखेची पदवी घेतल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचिगुडा येथील माध्यमिक शाळा, उर्दू शरीफ शाळा, दारुल उलूम हायस्कूल व चादरघाट हायस्कूल अशा निरनिराळ्या शाळांत त्यांनी अध्यापन केले. मध्यंतरी शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवून अखेरच्या दोन शाळांत त्यांनी खेळांचाही भार आपल्याकडे घेतला. वाचकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे की, ज्यांनी पुढे चार खंडांतील संघांशी सामने लढविले, ते मुळात वर्गात फळ्यासमोर उभे राहणारे मास्तर होते. त्यांच्या प्रशिक्षणात जी शिस्त, जो धीर आणि एकच गोष्ट दहा वेळा सांगण्याची जी चिकाटी दिसते, ती त्यांनी वर्गातून मैदानावर नेली.

अध्यापक आणि संघटक

सन १९४० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत हैदराबाद फुटबॉल संघटनेच्या चिटणीसपदी रहीमसाहेबांची निवड झाली आणि मृत्यूपर्यंत ते पद त्यांनी सांभाळले. चिटणीसपद हे बहुधा मानाचे व कागदपत्रांचे समजले जाते. रहीमसाहेबांनी मात्र त्या पदाचा उपयोग एका प्रयोगशाळेसारखा केला, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या काळी आपल्याकडील खेळाची तऱ्हा अशी होती की, ज्याच्या पायाशी चेंडू आला त्याने तो शक्य तितका वेळ आपल्याच पायाशी खेळवावा, दोघा-तिघांना चकवावे आणि प्रेक्षकांच्या टाळ्या घ्याव्या. यास इंग्रजीत ड्रिब्लिंग म्हणतात. हे कौशल्य डोळ्यांना सुखविते खरे, परंतु त्यात वेळ जातो, प्रतिपक्ष सावध होतो आणि आपलेच दहा सोबती नुसते पाहत राहतात. रहीमसाहेबांनी यावर व्याख्यान न देता एक युक्ती योजिली. त्यांनी असे सामने भरविले की, ज्यांत चेंडू पायाशी खेळवीत नेण्यास मुळी बंदीच होती. चेंडू आला की सोबत्याकडे द्यावयाचा, आणि आपण मोकळ्या जागी धावावयाचे. मुले आरंभी गोंधळत. पण काही काळाने ती मान वर करून खेळू लागत, कारण सोबती कोठे आहे हे पाहिल्यावाचून गत्यंतरच नसे.

त्यांची दुसरी युक्ती याहून अधिक मोलाची. बहुतेक गडी उजव्या पायाचे असतात. डावा पाय केवळ तोल सावरण्यापुरता. रहीमसाहेबांनी दुबळ्या पायाने खेळावयाचे सामने सुरू केले. ज्याचा जो पाय कच्चा, त्याच पायाने त्याने खेळले पाहिजे. या सामन्यांत नावाजलेले गडीही नवशिक्यांसारखे अडखळत आणि हसू होई. पण त्या हसण्यातून जो गडी तयार होई, त्याला कोणत्याही बाजूने चेंडू आला तरी फिकीर नसे. आपल्या अंगचा जो गुण आहे तो दाखविण्यात कोणासही आनंद वाटतो. जे उणे आहे ते चारचौघांत भरून काढण्यास मनाचा मोठेपणा लागतो, आणि ते करवून घेण्यास गुरू लागतो. रहीमसाहेबांच्या चरित्राचे सार आम्हांस या एका युक्तीत साठविलेले दिसते.

गरीब मुलांविषयी त्यांस विशेष कळवळा असे. पुढे ऑलिंपिक गाजविणारे तुलसीदास बलराम हे सिकंदराबादेकडील एका गरीब घरातील पोर. सरावासाठी हैदराबादेस रोज जाण्या-येण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. तेव्हा रहीमसाहेबांनी त्यांच्या सायकलीची तजवीज करून दिली, असे सांगतात. एक सायकल मिळाली नसती तर कदाचित देशाला बलराम मिळाले नसते.

पोलिस संघाचा उत्कर्ष

सन १९५० पासून हैदराबाद सिटी पोलिस या संघाची धुरा रहीमसाहेबांकडे आली. येथे आम्हांस पुन्हा एकदा जुन्या आठवणींस स्पर्श करावा लागतो. हैदराबादी पोलिस हे शब्द कानी पडताच ज्या पिढीच्या काळजात धस्स होत असे, त्या पिढीच्या डोळ्यांदेखत, मुक्तीनंतर अवघ्या दोन वर्षांनी, हेच नाव मुंबईच्या कूपरेज मैदानावर टाळ्यांच्या गजरात घेतले जाऊ लागले. १९५० ते १९५४ या पाच वर्षांत रोव्हर्स चषक या संघाने लागोपाठ पाच वेळा जिंकला. मुंबईची ही स्पर्धा देशातील जुन्या व प्रतिष्ठेच्या स्पर्धांपैकी एक होती. ड्युरँड चषकावरही या संघाने १९५०, १९५४, १९५७ व १९६१ अशा चार वर्षी आपले नाव कोरले; त्यांपैकी १९५० च्या अंतिम सामन्यात कलकत्त्याच्या सुप्रसिद्ध मोहन बागान संघास त्यांनी नमविले.

फुटबॉलची पंढरी म्हणून तेव्हा कलकत्त्याचे नाव घेतले जाई. तेथील मोठे क्लब, तेथील पैसा आणि तेथील हजारोंचा प्रेक्षकवर्ग यांपुढे हैदराबादेस काय होते? दख्खनची उघडी, कठीण जमीन आणि पोलिस खात्यातील साधे शिपाई. परंतु कठीण जमिनीवर चेंडू वेगाने धावतो. तो जमिनीलगत, नेमका व झटपट द्यावयाची सवय असली तर तीच जमीन साहाय्यक होते. आपल्या मातीची अडचण ओळखून तिचेच सामर्थ्य करणे, हे या संघाच्या यशाचे रहस्य होते, असे आमचे मत आहे.

पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हैदराबादच्या राज्य संघाने संतोष करंडकही लागोपाठ दोन वर्षे जिंकला. त्याच सुमारास भाषावार प्रांतरचना होऊन आपला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. मराठी माणसाची ती इच्छापूर्ती होती. मात्र त्या दिवसापासून हैदराबादचा विजय हा आपला विजय म्हणून साजरा करण्याचे कारण आपल्याला उरले नाही, आणि त्या विजयाचा शिल्पकारही हळूहळू आपल्या बोलण्यातून गेला.

दिल्लीचे सुवर्ण, हेलसिंकीचा धडा

सन १९५१ च्या मार्च महिन्यात दिल्ली येथे पहिली आशियाई क्रीडास्पर्धा भरली. रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय संघाने अंतिम सामन्यात इराणचा १–० असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले. विजयाचा गोल मेवालाल यांनी केला. कर्णधार शैलेन मन्ना होते. स्वतंत्र देशाच्या तरुण मनाला या विजयाने केवढा हुरूप आला असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे.

परंतु पुढील वर्षीच हा हुरूप जमिनीवर आला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्या संघाचा १०–१ असा दारुण पराभव केला. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत होते. कलकत्त्याच्या हिरवळीवर अनवाणी पायांनी खेळणे हा अभिमानाचा विषय असेल, पण फिनलंडच्या थंड, ओलसर मैदानावर ते पाय निसरडले. या पराभवानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे करण्यात आले.

पराभवाचे खापर दैवावर, हवेवर किंवा पंचांवर फोडणे सर्वांनाच सोपे असते. रहीमसाहेबांनी तो मार्ग पत्करला नाही. त्यांनी युरोपातील खेळ अभ्यासला. बचावास दोनच गडी ठेवण्याची जुनी रीत आता पुरणार नाही, हे ओळखून त्यांनी तिसरा गडी बचावात आणण्याचा पुरस्कार केला. त्या काळी हंगेरीच्या संघाने आघाडीचा मधला गडी किंचित मागे ठेवून सर्व युरोपास चकित केले होते; कारण त्याच्यावर नजर ठेवण्यास जो बचावाचा गडी नेमलेला असे, त्याने त्याच्यामागे पुढे यावे तर पाठीमागे खिंडार पडे, न यावे तर तो मोकळा राही. ही रीतही रहीमसाहेबांनी आपल्या संघांत रुजविली. चाळिशी ओलांडलेला एक शाळामास्तर, दहा गोलांची मानहानी पदरी घेऊन, पुन्हा विद्यार्थी होऊन शिकावयास बसला, हे दृश्य आम्हांस त्यांच्या कोणत्याही पदकाहून मोठे वाटते.

मेलबर्न व रोम

या अभ्यासाचे फळ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये दिसून आले. यजमान ऑस्ट्रेलियाचा त्यांच्याच भूमीवर भारताने ४–२ असा पराभव केला. यांतील तीन गोल नेव्हिल डिसोझा या एकाच खेळाडूचे. गोव्याच्या मातीतले व मुंबईत खेळून नावारूपास आलेले हे नेव्हिल, ऑलिंपिक फुटबॉलच्या एका सामन्यात तीन गोल करणारे पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपान्त्य सामन्यात गाठ पडली ती पुन्हा त्याच युगोस्लाव्हियाशी. नेव्हिल यांनी गोल करून भारताला आघाडीही मिळवून दिली. परंतु अखेर ४–१ असा पराभव पत्करावा लागला. तिसऱ्या क्रमांकासाठी झालेल्या सामन्यात बल्गेरियाने ३–० अशी मात केली. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत पोहोचणारा हा पहिलाच आशियाई संघ होता. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाणाऱ्या देशाने हा पल्ला गाठावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

सन १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पदक आले नाही. हंगेरीकडून २–१, पेरूकडून ३–१ असा पराभव झाला, आणि फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी झाली. तथापि ज्या हंगेरीचा खेळ पाहून रहीमसाहेब शिकले, त्या हंगेरीस एका गोलाच्या फरकापर्यंत झुंजविणे हीही एक गुरुदक्षिणाच म्हणावी लागेल. या संघाचे कर्णधार प्रदीपकुमार बॅनर्जी होते. त्यांच्या जोडीला चुनी गोस्वामी व तुलसीदास बलराम. या तिघांचे नाव पुढे भारतीय फुटबॉलमध्ये एका दमात घेतले जाऊ लागले.

जाकार्ता

आता आम्ही त्या प्रसंगाकडे येतो, ज्यामुळे रहीमसाहेबांचे नाव चिरंतन झाले. १९६२ साली इंडोनेशियात जाकार्ता येथे चौथी आशियाई क्रीडास्पर्धा भरली. त्या वेळी कर्करोगाने रहीमसाहेबांच्या देहात घर केले होते. शरीर खंगत चालले होते, तरी ते संघाबरोबर गेले.

तेथील वातावरण भारतीयांस अनुकूल नव्हते. यजमान सरकारने इस्राएल व तैवान या देशांच्या खेळाडूंस प्रवेश नाकारला होता. त्यावर आशियाई क्रीडामहासंघातील भारतीय पदाधिकारी श्री. गुरुदत्त सोंधी यांनी या स्पर्धेस आशियाई स्पर्धा म्हणणेच योग्य नव्हे, अशी भूमिका घेतली. भूमिका तत्त्वाची असली तरी तिचा रोष खेळाडूंवर निघाला. जाकार्ताच्या रस्त्यांवर भारतविरोधी निदर्शने झाली. खेळाडूंस बाहेर पडणेही धोक्याचे झाले.

आरंभही अशुभ झाला. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताचा २–० असा पराभव केला. त्यानंतर थायलंडवर ४–१ असा विजय मिळाला, पण त्या सामन्यात बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग यांच्या डोक्यास जबर जखम होऊन टाके घालावे लागले. जपानवर २–० अशी मात करून संघ उपान्त्य फेरीत आला. गोलरक्षक पीटर थंगराज आजारी. अशा वेळी दुसरा कोणी असता तर जखमी गड्यास विश्रांती देऊन दैवावर हवाला ठेवता. रहीमसाहेबांनी निराळाच विचार केला. डोक्याची जखम घेऊन बचावात वारंवार चेंडू डोक्याने अडविणे जर्नेलसिंगांस शक्य नव्हते. परंतु त्यांची ताकद व जिद्द शाबूत होती. म्हणून त्यांनी या बचावाच्या गड्यास थेट आघाडीवर उभे केले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात भारत ३–२ असा विजयी झाला, आणि त्यांतील एक गोल जर्नेलसिंगांचा होता.

अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री रहीमसाहेबांनी खेळाडूंस जवळ बोलावून, उद्या आपणास सुवर्णपदकाची भेट मिळावी, एवढीच इच्छा बोलून दाखविली, असे त्यांच्या शिष्यांनी पुढे सांगितले आहे. दि. ४ सप्टेंबर १९६२ रोजी सुमारे एक लाख प्रेक्षकांसमोर भारत पुन्हा त्याच दक्षिण कोरियापुढे उभा राहिला. जवळजवळ सर्व प्रेक्षक विरुद्ध. स्टेडियमच्या एका भागातून मात्र भारताच्या नावाने आवाज येत होता. तो होता पाकिस्तानच्या हॉकी खेळाडूंचा, ज्यांनी त्याच स्पर्धेत भारताला हॉकीत हरवून सुवर्ण मिळविले होते. आजारातून उठलेले थंगराज गोलात उभे राहिले. सामन्याच्या पहिल्या वीस मिनिटांतच प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी एक व डोक्यास पट्टी बांधलेल्या जर्नेलसिंगांनी दुसरा गोल केला. शेवटची काही मिनिटे उरली असताना कोरियाने एक गोल फेडला. पण भारताने २–१ असा विजय राखला. कर्णधार चुनी गोस्वामी यांनी सुवर्णपदक स्वीकारले. मास्तरांची भेट मास्तरांस मिळाली.

अखेर

या विजयानंतर रहीमसाहेबांस फार दिवस लाभले नाहीत. दि. ११ जून १९६३ रोजी हैदराबाद येथे त्यांचे देहावसान झाले. वयाची चोपन्न वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम यांनी वडिलांचा वारसा चालविला. ते रोम ऑलिंपिकच्या संघात होते, पुढे आंतरराष्ट्रीय पंच व प्रशिक्षक झाले, आणि २०२१ साली निवर्तले.

रहीमसाहेबांच्या पश्चात १९६४ साली आशिया चषकात भारत दुसरा आला, व १९७० च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळाले. त्यानंतर आजतागायत आशियाई स्पर्धांत फुटबॉलचे एकही पदक भारताच्या पुरुष संघास लाभलेले नाही. आशियाई स्पर्धांतील फुटबॉलची सुवर्णपदके दोनच, आणि ती दोन्ही रहीमसाहेबांच्या हातून.

असे का व्हावे? कोणी म्हणतात क्रिकेटने सर्व खेळ गिळले. कोणी म्हणतात इतर देश पुढे गेले. दोन्हींत तथ्य आहे. आम्हांस मात्र आणखी एक कारण दिसते. शाळेतील मुलाला पहिला चेंडू देणारे मास्तर, शहरातील स्पर्धा चालविणारे चिटणीस आणि देशाचा संघ बांधणारे प्रशिक्षक, या तिन्ही जागा एकाच माणसाने भरल्या होत्या. त्यामुळे पहिल्या इयत्तेत पेरलेले अखेरच्या इयत्तेत उगवत असे. ते गेले आणि तिन्ही जागा एकदम रिकाम्या झाल्या. आपण पदके जपून ठेवली. ती ज्या मैदानावर पिकली, त्या मैदानाची मशागत चालू ठेवण्याचे मात्र कोणाच्या ध्यानी राहिले नाही. चांगल्या प्रशिक्षकांस देण्यात येणारा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला. तोवर रहीमसाहेबांस जाऊन बावीस वर्षे लोटली होती. २०२४ साली त्यांच्या जीवनावर ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट आला व श्री. अजय देवगण यांनी त्यांची भूमिका केली, तेव्हा कोठे नव्या पिढीतील पुष्कळांच्या कानी हे नाव प्रथमच पडले.

उपसंहार

आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, गुणांची टक्केवारी वाचून दाखविली जाते, आणि आईवडिलांच्या डोळ्यांत आनंदाश्रू येतात. ही प्रथा उत्तम आहे व ती चालत राहावी. परंतु रहीमसाहेबांचे चरित्र वाचल्यावर दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली ही की, आपण सत्कार करतो तो मुलाच्या बळकट पायाचा. ज्या विषयात तो पुढे आहे, त्याचेच आपण कौतुक करतो, व जेथे तो अडखळतो तेथे त्यास कोणी पाहू नये असे इच्छितो. गणितात कच्च्या मुलास गणित टाळावयास शिकवितो, बुजऱ्या मुलीस सभेत मागच्या रांगेत बसवितो. ज्यांच्या दुबळ्या पायास कोणी खेळावयास लाविले नाही अशी कितीतरी मुले आपल्या घराघरांत आहेत. त्यांच्यासाठी चार घटका काढणारा माणूस घरात किंवा शाळेत असला पाहिजे.

दुसरी गोष्ट, आपल्या तालुक्यातील शाळांत कोठे ना कोठे असा एखादा शिक्षक आजही असेल, जो घंटा झाल्यावरही मैदान सोडीत नाही. तो कोणत्या ज्ञातीचा हे पाहू नये. त्याच्या हातून घडणारी मुले आपलीच आहेत. त्यास एखादा चेंडू, एखादी जाळी, एखाद्या गरीब मुलासाठी सायकल आपण आज दिली, तर ते त्याच्या मृत्यूनंतर काढलेल्या चित्रपटाहून अधिक होईल. रहीमसाहेबांस आपण जिवंतपणी काही देऊ शकलो नाही. त्यांच्यासारख्या दुसऱ्या कोणास देण्याची संधी अद्याप गेलेली नाही.

एकेकाळी आपण ज्या राज्याचे होतो, त्या राज्याच्या या थोर शिक्षकाच्या स्मृतीस हदगावच्या वतीने आमची ही नम्र आदरांजली.